रुपयातले किती आणे दुखतंय?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र लिहिते आहे. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. गेल्या आषाढात माझी आई गेली. ८२ वर्षांची होती. जन्मभर मिश्री लावली, शेवटी उजव्या गालाच्या आत कर्करोग झाला आणि तो मानेच्या गाठींपर्यंत गेला. तिच्या जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आधीच्या सहा आठवड्यांची आणि मधल्या तीन रात्रींची. ते दिवस आणि त्या रात्री टाळता आल्या असत्या.

खरं तर मी गप्पच बसले होते. पण मागच्या महिन्यात शेजारच्या मुलासोबत जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेले. त्याचे वडील ७६ वर्षांचे आहेत, प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरलाय. तिथे 'पॅलिएटिव्ह केअर', म्हणजे गंभीर आजारातली वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा, अशी पाटी असलेली खोली आहे. पाटी जागेवर आहे, आत सलाईनच्या खोक्यांच्या थप्प्या लागल्यात. प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि त्यांच्यासोबत मॉर्फिन हे अफूपासून होणारं तीव्र वेदनेवरचं औषधही गेलं. आईच्या वेळीही खोली अशीच बंद होती. म्हणजे दीड वर्षात कुणालाच ती उघडावीशी वाटली नाही. हे मला गप्प राहून सोसवत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी विचारण्याबद्दल बोलते, कारण बिघाड तिथूनच सुरू होतो.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात निदान झालं त्या दिवशी एका तरुण डॉक्टरांनी आईला विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" आईचा उजवा कान गेलेला, डावाही मंद. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क. आईने माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटं वर केली. केसपेपरवर '२/१०' असं लिहिलं गेलं. वय आणि हृदय बघता शस्त्रक्रिया झेपणार नाही, घरी न्या, जपा, असं सांगितलं आणि पॅरासिटामॉल लिहून दिली. एसटी स्टँडवर तिला विचारलं तेव्हा कळलं, डॉक्टर 'दिवसातून किती वेळा जेवता' असं विचारतायत असं तिला वाटलं होतं.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. दाराबाहेर रांग व्हरांडा ओलांडून गेली होती. पण पुढचे सहा आठवडे जो कुणी तो कागद हातात घेई, तो आधी ते दोन बघे. आई रात्रभर भिंतीला टेकून बसलेली असे आणि कागदावर दुखणं किरकोळ होतं.

तिनेही कधी तोंड उघडून सांगितलं नाही. तिच्या पिढीची माणसं सांगत नाहीत. वय झालं की दुखायचंच, असं त्यांनी धरलेलं असतं. सांगितलं तर पोरं कर्ज काढतील, दवाखान्यात नेऊन टाकतील, ही भीती असते. मी विचारलं की ती म्हणायची, "काही न्हाई गं, उगं ठणकायलंय जरासं." त्या 'उगं जरासं'वर माझ्यासारखी शिकलेली बाईसुद्धा विश्वास ठेवून बसली, हे मला आजही टोचतं.

शेवटी माझ्या वहिनीने हट्ट धरला आणि संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही आईला १३० किलोमीटरवरच्या शहरातल्या दुसऱ्या एका रुग्णालयात नेलं. तिथल्या पॅलिएटिव्ह ओपीडीत एक ज्येष्ठ सिस्टर होत्या. त्यांनी मास्क खाली केला, खुर्ची आईच्या डाव्या बाजूला ओढली, कानाशी वाकल्या आणि विचारलं, "आजी, रुपयातले किती आणे दुखतंय?"

आई लगेच म्हणाली, "चौदा आणे."

"आणि रातच्याला?"

"रातच्याला पुरा रुपया."

सोळा आण्यांचा रुपया जाऊन नवे पैसे आले ते १९५७ साली. आईचं लहानपण आण्यांत गेलं. शून्य ते दहा ही तिची मोजणीच नव्हती. सिस्टरांनी पुढे विचारलं, कसं दुखतं? कळ येते, ठणका लागतो, की आग होते? आई म्हणाली, गालात ठणका आहे आणि कानामागून मानेपर्यंत आग होते, मधेच वीज चमकल्यासारखी सणक जाते. सिस्टरांनी डॉक्टरांना हेच शब्द जसेच्या तसे सांगितले. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की ठणका गाठीचा आणि सूजेचा असतो, पण आग आणि सणक म्हणजे नस दुखावली आहे, त्याला वेगळी गोळी जोडावी लागते. दहा मिनिटांत, केवळ आईची भाषा ऐकून, सहा आठवड्यांत जे कुणाला कळलं नव्हतं ते कळलं.

महोदय, आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत! कळ, ठणका, सणक, चमक, रग, ठुसठुस, चुरचुर, आग, मुंग्या, पिळवटणं. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला काहीतरी वेगळं सांगतो. आपल्या केसपेपरवर मात्र नाडीला, तापाला, रक्तदाबाला रकाना आहे आणि दुखण्याला नाही.

ज्यांना बोलताच येत नाही त्यांचं काय? शेजारच्या त्या वडिलांना विसरभोळेपणाचा आजारही आहे. रात्री ओरडतात, अंघोळ घालताना हात झटकतात, सुनेला मारायला धावतात. 'म्हातारा चिडका झालाय' म्हणून त्यांना झोपेची गोळी सुरू केली गेली. ते चिडके झालेले नव्हते, कूस बदलताना त्यांचं हाड दुखत होतं. अशा माणसाची वेदना ओळखायची साधी पद्धत २००३ पासून उपलब्ध आहे: श्वास कसा चाललाय, कण्हतो का, चेहरा आक्रसतो का, अंग आवळून धरतो का, जवळ घेतल्यावर शांत होतो का. प्रत्येक गोष्टीला शून्य ते दोन गुण. आशाताई हे एका दुपारात शिकू शकेल. शिवाय हाडातल्या अशा वेदनेवर किरणांचा एकच डोसही अनेकांना पुष्कळ आराम देतो, हेही त्या घरात कुणी सांगितलं नव्हतं.

आता औषधाबद्दल.

संक्रांतीआधी गावातल्या डॉक्टरांनी आईला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची इंजेक्शनं दिली. चांगल्या मनानेच दिली, त्यांच्या हातात तेवढंच होतं. दहा-बारा इंजेक्शनांनंतर पाय सुजले, शौचाला काळं झालं, रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं आलं. या वयात मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात आणि ही इंजेक्शनं पोट आणि मूत्रपिंड दोन्हींवर घाव घालतात, हे आम्हाला शहरात गेल्यावर समजलं. मॉर्फिनबद्दल तालुक्यातल्या चार मेडिकलमध्ये विचारलं. चारही ठिकाणी एकच उत्तर मिळालं, "बाई, ते आम्ही ठेवत नाही."

शहरात मॉर्फिन मिळालं. आईचं वय आणि मूत्रपिंडं बघून डॉक्टरांनी १० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग, दर सहा तासांनी, असं सुरू केलं. म्हाताऱ्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं, म्हणून थोडक्यात सुरू करायचं आणि हळूहळू वाढवायचं. पहिल्या दिवसापासून बद्धकोष्ठाची गोळी बरोबर द्यायचीच. दुखायला लागल्यावर नव्हे, घड्याळाच्या काट्यावर द्यायची. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल, घाबरायचं नाही, पण फार झोपाळू झाली, भ्रमात बोलायला लागली किंवा श्वास मंदावला तर लगेच फोन करायचा. जखमेला वास येतो म्हणून मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून ती पूड लावायची. नातवंडं पुन्हा जवळ येऊन बसायला लागली ती या पुडीमुळे. नवशिक्या आईला बाळाची निगा समजावतात तशा मायेने सिस्टरांनी हे वहिनीला समजावलं.

वहिनीने दोनशे पानी वही केली. वेळ, गोळी, आणे, झोप, शौच असे रकाने आखले. पहिल्या दिवशी 'आणे'च्या रकान्यात १४ आहे. तिसऱ्या दिवशी ९. पाचव्या दिवशी ४, आणि पुढे वहिनीच्या अक्षरात, 'कापूस मागितला. वाती वळल्या.' दोन महिन्यांत आईने हाताने काही केलं नव्हतं.

दिवसाला एक गोळी. सुरुवातीला चार पाव मिळून एवढंच लागत होतं. ही गोळी महागही नाही, थोड्या रुपयांत येते. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारचेच कारखाने आहेत. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने उपचार सांगितले, त्यात तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन आहे. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. आणि तरीही 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली मांडलेला हिशेब असा की भारतात गरजू रुग्णामागे वर्षाला ४३ मिलिग्रॅम मॉर्फिन किंवा त्या तोडीचं औषध पोचतं, गरजेच्या ४ टक्के. माझ्या आईच्या अगदी सुरुवातीच्या, सगळ्यात लहान मात्रेने ते चार दिवस पुरलं असतं. वर्षातले चार दिवस.

आता त्या तीन रात्री. औषध पंधरा दिवसांचं मिळायचं. भाऊ रोजंदारी बुडवून पहाटेच्या एसटीने जायचा आणि रात्री परतायचा. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा तो गेला आणि साठा संपलेला होता, चार दिवसांनी या म्हणाले. आईकडे एक दिवसाची गोळी उरली होती. मॉर्फिन असं एकदम तुटलं की वेदना परत येतेच, वर अंगाला कापरं, घाम, पोटात मुरडा, अस्वस्थपणा. त्या तीन रात्री वहीत 'आणे'च्या रकान्यात वहिनीने काहीच लिहिलं नाही. नातवाची बारावीची परीक्षा चालू होती, तो पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होता. आई ओरडली नाही. पदराचा बोळा दातांत धरून बसली, ज्या बाजूचा जबडा चांगला होता त्या बाजूने. सकाळी त्या पदरावर रक्त होतं. माझ्या भावाने त्या दिवसांत मला फोन करून विचारलं होतं, "ताई, देवाला काय मागायचं आता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

७५ वर्षांवरच्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. आईला शहरात नेताना तिचं तिकीट लागलं नाही, त्याबद्दल मी सरकारची मनापासून ऋणी आहे. पण ८२ वर्षांच्या, मान न उचलता येणाऱ्या बाईला चार तासांचा मोफत प्रवास देण्यापेक्षा तिची पाव गोळी तिच्या तालुक्यात आणणं सोपं आहे, असं मला वाटतं.

परवान्याचं कारण आता सांगू नये ही विनंती. पूर्वी या औषधासाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत, एक येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे, हे खरं. पण अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली ती हेच बंद करण्यासाठी. आता मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी रुग्णालयाने 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकांकडून एकच मान्यता घ्यायची. प्रशिक्षित डॉक्टर हवा आणि चोख नोंद हवी. नियंत्रणाला माझा विरोध नाही. व्यसनाने घरं बुडतात, ते मी शाळेच्या नोकरीत पुष्कळ पाहिलंय. आई गेल्यावर उरलेल्या ११ गोळ्या भाऊ स्वतः शहरात जाऊन परत देऊन आला, सही करून. पण 'अफूची सवय लागेल' म्हणून मरणाच्या दारातल्या माणसाला तळमळत ठेवणं, हे नियंत्रण नव्हे.

महाराष्ट्र या बाबतीत मागासलेला आहे असंही नाही. १९८६ साली देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारी जागा, मुंबईत, वांद्र्याला, शांती आवेदना सदन म्हणून सुरू झालं. पुण्यात वारज्याला १९९७ पासून पॅलिएटिव्ह केअरचं केंद्र आहे. टाटा रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. २०१२ साली राज्याने आपलं पॅलिएटिव्ह केअर धोरणही केलं, केरळनंतर चार वर्षांनी. केरळात १९९३ साली कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका छोट्या ओपीडीपासून सुरुवात केली होती. २००८ च्या धोरणानंतर तिथे पंचायती, परिचारिका आणि स्वयंसेवक मिळून घरी जाऊन रुग्ण बघतात. आपलं धोरण मुंबई-पुण्याच्या बाहेर किती गेलं? आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा लिहिलेली आहे. आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवरही ती रंगवली आहे. ज्या सिस्टरांकडे त्या सेवेसाठी एक गोळीही नाही, त्यांना रोज त्या भिंतीसमोर बसावं लागतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक जिल्हा रुग्णालय आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालय मान्यताप्राप्त संस्था करावं आणि तिथे मॉर्फिनच्या साध्या गोळ्या कायम ठेवाव्यात. साध्याच म्हणते आहे, कारण सावकाश विरघळणारी गोळी कुटून नळीतून देता येत नाही आणि तोंडाच्या कर्करोगात शेवटी नळीच उरते. प्रत्येक ठिकाणी किमान दोन डॉक्टर प्रशिक्षित हवेत. एकाची बदली झाली म्हणून औषध बंद होऊ नये.

साठा संपण्याआधी मागणी गेली पाहिजे, आणि तरी संपलाच तर जवळ कुठे आहे हे रुग्णालयाने स्वतः शोधून नातेवाइकाला सांगावं. कोणत्या जिल्ह्यात कुठे मॉर्फिन मिळतं याची यादी अन्न व औषध प्रशासनाने मराठीत सर्वांसाठी जाहीर करावी. आम्ही ती ऐकीव माहितीवर, एसटीत भेटलेल्या माणसाकडून शोधली.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला हजर करायला सांगू नये. ओळख पटवून, नोंद करून, घरच्या माणसाकडे महिन्याचं औषध द्यावं, आणि पंधरा दिवसांतून एकदा परिचारिका घरी यावी.

केसपेपरवर वेदनेचा रकाना छापावा. कर्करोगाच्या साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाला प्रत्येक भेटीत, ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूला बसून, त्याच्या भाषेत विचारावं. आकडा कळत नसेल तर आणे, नाहीतर चेहऱ्यांची चित्रं, नाहीतर 'थोडं, बरंच, सहन होत नाही' एवढंच. बोलता येत नसेल तर वर लिहिलेली पाच लक्षणं बघावीत. गोळी सुरू केल्यावर दोन दिवसांनी पुन्हा विचारावं. विचारून नुसतं लिहून ठेवलं तर तो रकानाही आईच्या केसपेपरवरच्या त्या '२'सारखाच होईल.

तालुक्याच्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना डायक्लोफेनॅकचं म्हाताऱ्या शरीरावर काय होतं ते पुन्हा एकदा सांगावं. आणि २०१२ च्या धोरणाचं जिल्हावार काय झालं, ते जाहीर करावं.

आमच्या जिल्ह्यातली ती खोली मात्र या सगळ्यासाठी थांबू नये. ती आधी उघडावी. शेजारच्या त्या वडिलांना परवापासून मॉर्फिन सुरू झालंय, पुन्हा त्याच १३० किलोमीटरवरून. त्यांचा मुलगा मला विचारत होता, साठा संपला तर काय करायचं.

दुखण्याच्या मराठी शब्दांची यादी मी गावातल्या आजी-आजोबांकडे बसून करते आहे. आतापर्यंत सत्तावीस शब्द झालेत, प्रत्येकापुढे ते कुठे आणि कसं दुखतं ते लिहिलंय. आशाताईंच्या प्रशिक्षणात ती वापरायची असेल तर मी शिकवायला येईन, मानधन नको.

मंत्रालयात पाठवते आहे त्या प्रतीसोबत वहिनीची वही जोडली आहे. संक्रांतीपासून आषाढापर्यंतची आहे. फेब्रुवारीतल्या 'आणे'च्या त्या तीन रिकाम्या रकान्यांना मी खूण केली आहे. पाहून झाल्यावर वही कृपया परत पाठवावी, ती वहिनीची आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका